ळ

सुपडू तायडे, वय एकाहत्तर,
भुसावळ यार्डात चौतीस वर्षं शंटिंग.
करदोड्याची किल्ली काढली, कानातली बाळी काढली,
शिट्टी मात्र मुठीत.
म्हटलं, बाबा, आत चुंबक आहे.
'पितयेची हाये,' म्हणाले.
तरी ठेवायला लावली ट्रेमध्ये.

जिभेची डावी कड तंबाखूनं नेली.
मनगटाचं कातडं आणून तिथं शिवलंय.
आता बोलताना ती जीभ चालते कशी,
ते बघायचं होतं.
थांबलेली जीभ काय, सगळेच बघतात.

जुन्या रीतीनं हे मशीन असं ठोकतं
की आतला माणूस ओरडला तरी
बाहेर फक्त ओठ हलतात.
हलतं ते पकडायचं तर घाई,
आणि घाई म्हणजे झटका,
झटक्यानं तारेची वेटोळी थरथरतात,
ती थरथर म्हणजेच हा दणका.
एवढं सांगितलं, कारण त्यांनी विचारलं.

अर्ध्या तोंडानं हसले.
'डबा सोडून देला त धाडकन् बसतो डब्यावर.
मानूस चालते तेवढ्या चालीनं,
हात दाखवत दाखवत, हयू हयू आनला,
त आतल्या चहाचा कप बी हिंदकत नाही.
तुमच्या इंजिनाले कोनी हात दाखवत नाही का?'

आता दाखवतात, म्हटलं.
आता चुंबकाचा चढ-उतार कुठं अडत नाही, वळणावळणानं जातो.
चित्राच्या सगळ्या रेषा घेत नाही आम्ही,
थोड्याच घेतो, दर वेळी जराशा फिरवून,
छकड्याच्या आऱ्यांसारख्या.
उरलेलं आधीच्या आणि पुढच्या क्षणाकडून उसनं.
उसनवारीत कडा धूसर होतात.
तेवढं चालतं.

आवाज गेला नाही. जुन्या कूलरइतका राहिला.
मे महिन्यात जळगावात
त्या आवाजात लोक झोपतात.

पुण्याहून वाकणकर मॅडम, कानाला हेडफोन.
'केळं म्हणा.'
पडद्यावर जीभ उठली, राखाडी,
तापीच्या गढूळात मासा कूस बदलतो तशी,
शिवणीपाशी अडली, पुढे गेली.
'केयं.'
'डोळा.'
'डोया.'
'काळं.'
'कायं.'

'ळ गेलाय,' मॅडम लिहू लागल्या,
'टोक मागं वळतच नाही. शिवण ओढतेय.'

मॅडम, थांबा.
हा ळ गेलेला नाही.
हा आमच्याकडे आलाच नव्हता.

मी साकेगावची.
आमच्या घरी डोयेच दुखतात, सकायच होते,
शायेत बाईंनी पन्नास वेळा लिहून घेतलं,
शाळा शाळा शाळा,
आणि नाशिकला कॉलेजात मी जीभ मागं वळवायला शिकले,
रात्री, उशीत तोंड खुपसून, रूममेटला ऐकू जाऊ नये म्हणून.
मला या बोगद्यात घातलं तर
माझ्याही जिभेवर एक जोड सापडेल,
टाका नसलेला.

मॅडम गप्प. मग खोडल्याचा आवाज.
मशीन ठोकत असतं तर
नुसतं चित्र आलं असतं,
आणि चित्रात दिसत होतं ते खोटं नव्हतं.

'मग काय म्हणायला लावू यांना?'
म्हटलं, बाबा, गाडी घ्या मागं.
आत, छताकडे बघत, पट्ट्याखालचा हात उचलायला गेले.
'येऊ दे.
येऊ दे.
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
बश्श.'

तिथं.
सेकंदाची चौदा चित्रं, पाच-सहा चित्रांत दिसलं:
डाव्या कडेला फट,
स तिथून निसटून जातोय.
यार्डात आयुष्यभर ज्या अक्षरावर गाड्या थांबवल्या,
नेमकं तेच.

मॅडमनी पुन्हा म्हणवून घेतलं, तीनदा.
तिसऱ्या वेळी फट थोडी मिटली की काय,
की ती उसनवारीची धूसर कड,
मला सांगता येत नाही.

रिपोर्टात स पुढे चार ओळी.
ळ पुढे, शेरा नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी आधी शिट्टी मागितली.
मग बाळी.